विश्लेषण : हरिहरच्या पायऱ्यांवर कोंडी, नाशिकचे जुने गडप्रेमी ‘वीकेंड बॅच’वर का वैतागले आहेत?

पावसाळ्यातला रविवार, सकाळचे दहा. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेला. वरच्यांना उतरायचे आहे, खालच्यांना चढायचे आहे आणि मधले काही जण भेदरून जागीच थांबले आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरिहर किल्ल्याचे असे व्हिडिओ गेल्या काही वर्षांत दर पावसाळ्यात मोबाइलवर फिरतात. त्यानंतर चर्चा होते, काही काळ निर्बंध येतात आणि पुढच्या मोसमात पुन्हा तेच दृश्य दिसते.

या गर्दीत मोठा वाटा असतो तो ‘वीकेंड बॅच’चा, म्हणजे शुल्क घेऊन नवख्यांना गडावर नेणाऱ्या गटांचा. वर्षानुवर्षे या डोंगरांत फिरणाऱ्या नाशिककरांमध्ये त्यावरून नाराजी आहे. मात्र हा प्रश्न ‘स्थानिक विरुद्ध बाहेरचे’ इतका सरळ नाही.

हरिहरच का?

नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, त्र्यंबक रांगेत हरिहर ऊर्फ हर्षगड उभा आहे. उंची सुमारे ३,६७६ फूट. पायथ्याला एका बाजूला निरगुडपाडा, दुसऱ्या बाजूला हर्षेवाडी. घाटवाटेवर लक्ष ठेवण्यासाठी या किल्ल्याचे महत्त्व होते. १६३६ मध्ये शहाजीराजांना हा परिसर मोगलांच्या हवाली करावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी किल्ला स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या काळात इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या.

आज सगळ्यांना ओढ आहे ती याच पायऱ्यांची. शंभराहून अधिक पायऱ्या, चढ जवळपास शिडीसारखा आणि पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हात रोवायला खोबण्या. पहिला टप्पा संपला की दरवाजा, पुढे कड्याच्या पोटातून वाकून जाणारी अरुंद वाट आणि मग पुन्हा उभ्या पायऱ्या. मोबाइलच्या उभ्या पडद्यात हे दृश्य नेमके बसते. त्यामुळे एका रीलमधून शंभर जणांना हरिहर कळतो. मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप, असा रातोरातचा प्रवासही सोयीचा पडतो.

गिर्यारोहकांसाठी हरिहरची ओळख आणखी एक आहे. किल्ल्याच्या पाठीमागचा ‘स्कॉटिश कडा’ नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट या प्रख्यात गिर्यारोहकाने सर केला. हाच स्कॉट १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैऋत्य कड्याने शिखरावर पोहोचला होता. कड्याला नाव मिळाले ते त्याच्या आडनावावरून. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाला जागतिक दर्जाची चढाई आणि दुसऱ्या अंगाला पहिल्यांदाच बूट घालून आलेला पर्यटक.

नेमकी तक्रार काय?

पहिली तक्रार वाटेची. पायऱ्यांवरून एका वेळी एकाच दिशेने सुरक्षित जाता येते. साधे गणित मांडू. दोन माणसांत दहा सेकंदांचे अंतर ठेवले, तर मिनिटाला सहा जण पुढे सरकतात. म्हणजे ३०० जण फक्त चढायला ५० मिनिटे आणि तेवढ्या वेळात वरून एकही जण उतरायला नको. उतरणाऱ्यांना वाट द्यायची तर आधी सगळ्या पायऱ्या रिकाम्या व्हाव्या लागतात. मध्येच एकजण घाबरून पाच मिनिटे थांबला, तर मागे ३० जण खोळंबतात. हा हिशेब कोरड्या दिवसाचा आहे. पावसात कातळ शेवाळलेला असतो आणि रांग याहून हळू सरकते. शिवाय खाऊच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडे असतातच.

दुसरी तक्रार शिकवण्याची. उभ्या पायऱ्या उतरताना शिडीसारखे, कातळाकडे तोंड करून उतरावे, हे पायथ्यालाच सांगायला हवे. अनेकांना ते पहिल्या पायरीवर, खाली दरी दिसल्यावर कळते. एका लीडरमागे किती जण असावेत, पाऊस वाढल्यास कोणत्या टप्प्यावरून परतायचे, घाबरलेल्याला कसे उतरवायचे, याची तयारी नसलेला ‘लीडर’ हा प्रत्यक्षात फक्त वाटाड्या असतो. बचावाची वेळ आली की मात्र धावतात ते जवळचे गावकरी आणि नाशिकमधील गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, तेही हातातले काम टाकून.

डोंगरात चुकीला माफी नसते, याचा अनुभव जिल्ह्याने घेतलेला आहे. मनमाडजवळच्या ‘हडबीची शेंडी’ या सुळक्यावर जानेवारी २०२१ मध्ये दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला होता.

तिसरी तक्रार जरा हळवी आहे. ज्या गडावर पहाटे वाऱ्याशिवाय आवाज नसायचा, तिथे आता स्पीकर वाजतो. पाण्याच्या टाक्यांत बाटल्या तरंगतात. या टाक्यांतला गाळ काढायला, वाटेवरचा कचरा वेचायला सुट्टीच्या दिवशी जाणारे नाशिकचे दुर्गप्रेमी आहेत. त्यांचा राग गर्दीपेक्षा बेफिकिरीवर अधिक आहे.

मग दुसरी बाजू कोणती?

नवख्यांनी यायचेच नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण आज तक्रार करणारे बहुतेक जणही कधी ना कधी कोणाचा तरी हात धरूनच पहिल्यांदा गडावर गेले होते. फरक एवढाच, की तेव्हा तो हात कॉलेजच्या सरांचा, शेजारच्या दादाचा किंवा एखाद्या गिर्यारोहण संस्थेचा असायचा. आज ज्याच्या घरात, मित्रांत कोणी डोंगरात जात नाही, त्याला बॅच हाच दरवाजा आहे. एकट्याने जाण्यापेक्षा गटासोबत जाणे अनेक तरुणींना सुरक्षित वाटते. घरचेही लवकर ‘हो’ म्हणतात. शिवाय चांगला आयोजक असेल तर तो नवख्याला शिस्त लावतो. स्वतःच्या गाडीने, कोणालाही न विचारता येणाऱ्या टोळक्यांपेक्षा असा गट कधीही बरा.

तिसरा घटक आहे पायथ्याचे गाव. त्र्यंबकेश्वर हा आदिवासीबहुल तालुका. शनिवार-रविवारी येणाऱ्या गटांमुळे पिठलं-भाकरी, चहा-नाश्ता, लिंबू सरबत, गाड्यांची सोय आणि वाटाड्याचे काम यांतून चार पैसे मिळतात. गड बंद झाला की शहरातल्या ट्रेकरचा एक रविवार बुडतो. निरगुडपाड्यातल्या चूल मांडून बसलेल्या बाईची मात्र मोसमातली कमाई बुडते. गर्दीचा त्रास आणि गर्दीचा आधार, दोन्ही याच गावाच्या वाट्याला येतात.

हा वाद फक्त नाशिकचा आहे का?

अजिबात नाही. जगभरच्या किनाऱ्यांवर सर्फिंग करणाऱ्यांमध्येही नेमके हेच भांडण आहे. तिथला अलिखित नियम ‘एका लाटेवर एकच जण’. लाट फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, तिच्यावर हक्क त्याचा. सर्फिंग शाळांचे नवखे विद्यार्थी एकदम पाण्यात उतरले, की हा नियम मोडतो आणि सुटलेले बोर्ड इतरांना लागतात. तिथल्या स्थानिकांचे म्हणणेही हरिहरसारखेच असते : शिकवा, पण आधी नियम शिकवा.

एव्हरेस्टही सुटलेले नाही. मे २०१९ मध्ये शिखराजवळच्या धारेवर लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर गाजले होते. लाट असो, धार असो की पायऱ्या. जागा एकाचीच आणि हौस हजारांची, हे दुखणे सगळीकडे सारखे आहे.

नियम काय आहेत?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आणि सुरक्षेचे निकष पाळणे अपेक्षित आहे. वनक्षेत्रातील वाटांवर वन विभागाचे नियंत्रण असते. पावसाळ्यात गर्दी हाताबाहेर गेली, की प्रवेशावर मर्यादा किंवा तात्पुरती बंदी घातली जाते. अनेक ठिकाणी संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत प्रवेशशुल्कही घेतले जाते.

अडचण कागदाची नाही, पायथ्याची आहे. नोंदणी कार्यालयात होते, कोंडी पायऱ्यांवर होते. रविवारी सकाळी आयोजकाची नोंदणी आहे का, लीडरचे प्रशिक्षण झाले आहे का, हे तपासणारा माणूस गडाखाली हवा.

तोडगा काय निघू शकतो?

सरसकट बंदीपेक्षा वेळेचे नियोजन अधिक उपयोगी ठरेल. चढण्या-उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, पायऱ्यांच्या खाली आणि वर शिट्टी घेऊन उभे असलेले दोन प्रशिक्षित गावकरी आणि आधी नोंदवलेली मर्यादित संख्या, एवढ्यानेही कोंडी बरीच फुटेल. यात गावाला हंगामी गर्दीऐवजी नियमित रोजगार मिळेल. नवख्यांची पहिली बॅच थेट हरिहरला न आणता आधी रामशेजसारख्या सोप्या किल्ल्यावर नेली, तर लीडरलाही कोणाला उंचीची भीती वाटते ते कळेल.

बॅचसोबत जाणार असाल तर?

- आयोजकाची नोंदणी, लीडरचे प्रशिक्षण आणि गटाची संख्या पैसे भरण्याआधी विचारा.
- प्रथमोपचार पेटी आणि दोर सोबत आहे का, आणि तो वापरता येणारा माणूस कोण, हे विचारा.
- शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळा. जोरदार पावसाचा इशारा असेल तर बेतच रद्द करा.
- पायऱ्यांवर हात मोकळे ठेवा. मोबाइल सॅकमध्ये, खिशात नको.
- उतरणाऱ्यांना आधी वाट द्या आणि स्वतः उतरताना तोंड कातळाकडे ठेवा.
- भीती वाटली तर पहिल्या पायरीवरच सांगा. तिथून परत फिरायला कोणाचीही मदत लागत नाही. पन्नासाव्या पायरीवरून लागते.

हरिहरच्या पायऱ्या कोरणाऱ्यांनी वाट मुद्दाम अरुंद ठेवली होती. वर येणारा शत्रू असेल, तर तो एकेकटाच यावा म्हणून. आज वर येणारा शत्रू नाही, पण वाट तेवढीच आहे. ती रुंद करता येणार नाही. रांगेत उभे राहायला मात्र जुन्यांनी आणि नव्यांनी, दोघांनीही शिकायला हवे.