छर्‍यामागची हवा

मागच्या पावसाळ्यात माझी भाची रायफलची पेटी घेऊन आमच्या कुर्ल्याच्या घरी आली आणि म्हणाली, "मामा, मी शूटिंग सोडतेय." दहा मीटर एअर रायफल हा तिचा प्रकार. सलग नेम धरला की तिचे छर्रे उत्तम लागत. पण मध्ये रायफल टेकवून ती पाणी प्यायली किंवा दहा मिनिटं थांबली, की पुढचा छर्रा वर जाई. सगळ्यांनी श्वासाला दोष दिला. तिनं वर्षभर प्राणायाम केला, उभं राहण्याची पद्धत बदलली, झोपेची वेळसुद्धा बदलली.

मी एवढंच विचारलं, "वरच जातो? डावीकडे, खाली कधीच नाही?"

"वरच."

घाबरलेल्या माणसाची चूक चारी दिशांना विखुरते. एकाच प्रसंगी, एकाच दिशेला होणारी चूक मला यंत्राची वाटली. मी बंदूकवाला नव्हे. माझी नोकरी रेल्वेच्या कारशेडमध्ये, लोकलच्या ब्रेकच्या हवेवर गेली. पण ही रायफल हवेवरच चालते.

तिला इंग्रजीत प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक म्हणतात, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली. कल्पना जुनी आहे. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांडोनीची रायफल होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि ती भरायला पंपाचे सुमारे १५०० दट्टे मारावे लागत. आजच्या स्पर्धेच्या रायफलमध्ये नळीखाली एक सिलिंडर असतो, त्यात २०० बार दाबाची हवा. मोटारीच्या टायरात साधारण सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज यावा. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोरावर एक हातोडी व्हॉल्व्हवर आदळते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवेचा एक घोट छर्‍यामागे जातो आणि व्हॉल्व्ह मिटतो. रायफलची सगळी मदार त्या घोटाच्या मापावर.

माप का चुकतं? समजा, सिलिंडरची हवा थेट व्हॉल्व्हवर सोडली. टाकी भरलेली असताना दाब व्हॉल्व्हला इतका आवळून धरतो की हातोडीला तो नीट उघडता येत नाही, आणि छर्रा मंद जातो. टाकी अर्ध्यावर आली की हातोडी आणि दाब यांचं जमतं, वेग वाढतो. आणखी उतरली की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, पण हवेतच दम नसतो. वेगाचा आलेख काढला तर टेकडीसारखा दिसतो. साध्या रायफलवाले त्या टेकडीच्या माथ्यावरच्या वीस-तीस गोळ्या वापरतात. स्पर्धेत मात्र सरावाचे छर्रे सोडून ६० मोजले जातात, म्हणून सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रेग्युलेटर बसवतात. तो २०० बारची हवा बरीच खाली उतरवून छोट्या कोठीत ठेवतो. दर वेळी तेवढीच. लोकलमध्ये हेच काम फीड व्हॉल्व्ह करतो: मुख्य टाकीत दाब कितीही वरखाली झाला तरी ब्रेक पाइपात पाच किलोच गेले पाहिजेत.

आता हिशेब. स्पर्धेचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड. तो सेकंदाला १६८ मीटरच्या आसपास वेगानं जातो. दहा मीटर जायला त्याला एका सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. हे खाली येणं साइटमध्ये धरलेलंच असतं. पण वेग १७४ झाला तर छर्रा सव्वा मिलिमीटर कमी खाली येईल, म्हणजे तेवढा वर लागेल. लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पाव मिलिमीटर म्हणजे गुणाचा एक दशांश. सव्वा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा गुण. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं ७००.५ गुणांवर सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा दुसर्‍या क्रमांकाचे गुण ६९९.७ होते.

पूर्वी पात्रता फेरीत दशांश मोजत नसत. आपल्या सुमा शिरूर यांनी २००४ साली ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा ठिपक्याला जेमतेम शिवलेला दहाही दहाच होता. २०१३पासून पात्रता फेरीतही दशांश आले, आणि रायफलची जी कुरकुर पूर्वी खपून जाई ती गुणपत्रिकेत उमटू लागली.

घरात दहा मीटर कुठून आणणार? पण वेग मोजायला एक मीटर पुरतो. क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र असतं. छर्रा त्याच्यावरून गेला की वेग दाखवतं. आम्ही खिडक्या लावल्या, जाड लाकडी खोक्यात जुने कपडे कोंबले, त्यामागे पोलादी पत्रा ठेवला आणि रायफल टेबलावर टेकवली. मिनिटाला एक याप्रमाणे दहा छर्रे: १६७, १६८, १६८, असेच. मग मी बहिणीला चहा टाकायला सांगितलं. चहा होऊन, पिऊन झाल्यावर अकरावा छर्रा सोडला. १७४. बारावा पुन्हा १६८. भाची बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग रडली. मी कपबशा उचलायच्या निमित्तानं आत गेलो.

दोष रेग्युलेटरच्या सीटमध्ये होता. रेग्युलेटरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याला मागे रेटणारे बशीसारखे स्प्रिंग वॉशर. कोठीतला दाब ठरल्याइतका झाला की तो पिस्टनला रेटतो आणि पिस्टनचं टोक सीटवर बसून वाट बंद करतं. सीटवर चरा किंवा कण असेल तर वाट पुरती बंद होत नाही. भराभर नेम मारताना हे कळत नाही. थांबलं की हवा हळूहळू पाझरते, कोठीतला दाब चढतो आणि पुढच्या छर्‍याला जास्तीचा घोट मिळतो.

सिलिंडर काढला, कोठीत अडकलेली हवा सोडून दिली, मगच रेग्युलेटर उघडला. सीटवर गंजाचा बारीक कण रुतलेला. तो हातपंपातून आला होता. पावसाळ्यात मुंबईच्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. पाव लिटरहून लहान सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा तर अशी ४० लिटर हवा कोंबावी लागते, म्हणजे एक ग्रॅम पाणी, चांगले वीस थेंब. पंपाची निचर्‍याची चावी ती कधी उघडत नव्हती आणि पंपाला सिलिका जेलची नळीही नव्हती.

सीट लेथवर करून घेणं मला अवघड नव्हतं, कुर्ल्यात लेथ गल्लोगल्ली. पण २०० बारला जुगाड चालत नाही; कंपनीचाच संच मागवला. ओ-रिंगना सिलिकॉनचं वंगण लावलं. साधं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन तर कधीच भरायचा नाही.

हे चालू असताना शेजारचा एक मुलगा रोज येऊन विचारी, "काका, पॉवर वाढवून देता का?" ट्यूनिंग म्हणजे ताकद वाढवणं, असाच समज आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअर रायफलला परवाना लागतो. भाचीची रायफल साडेसात जूलच्या आसपास. तिला आणखी ताकद देऊन कागदाला जास्त मोठं भोक पडणार नाही, हे त्याला पटलं नाही.

नवी सीट बसल्यावर पुन्हा चहाची परीक्षा घेतली: १६८, विश्रांतीनंतर १६९. भाची पुन्हा रेंजवर जाऊ लागली. परवा फोनवर म्हणाली, छर्रा वर गेला आणि या वेळी चूक माझीच होती. आवाज बराच खूश होता. आता तिला सिलिंडरची काळजी आहे. त्यावर कोरलेली दहा वर्षांची मुदत येत्या एप्रिलमध्ये संपते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. दर महिन्याला ती थोडे पैसे बाजूला टाकतेय.