पहिल्यांदा विचारलं की सर्व्हर रेंगाळतो, दुसऱ्यांदा मात्र पळतो, असं का होतं?

विकिपीडियावर पुण्याचं पान उघडलं की बाजूला एक चौकट दिसते. लोकसंख्या, क्षेत्रफळ, राज्य वगैरे. अशा चौकटींमधली माहिती गोळा करून ती यंत्रांना वाचता येईल अशी मांडणारा प्रकल्प म्हणजे डीबीपीडिया, २००७ पासून सुरू असलेला. इथं पुण्याला स्वतःचा वेब पत्ता आहे, महाराष्ट्रालाही आहे, आणि ‘पुणे, राज्य, महाराष्ट्र’ अशा तीन तुकड्यांच्या नोंदींनी हे पत्ते एकमेकांना जोडलेले आहेत. यालाच लिंक्ड डेटा म्हणतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये त्याचे नियम मांडले होते.

असा सर्व्हर चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. एखादी नोंद पहिल्यांदा मागितली की पाच-सात सेकंद काहीच होत नाही. तीच परत मागितली की क्षणात हजर!

यातला थोडा वेळ रस्त्यातच जातो. पुण्याचा पत्ता मागितला की सर्व्हर ३०३ क्रमांकाचं उत्तर देतो. त्याचा अर्थ साधारण असा, की पुणे हे शहर काही इंटरनेटवरून पाठवता येत नाही, पुण्याबद्दलचं पान हवं असेल तर त्या दुसऱ्या पत्त्यावर जा. म्हणजे एका पानासाठी दोन फेऱ्या. त्यात पहिल्या वेळी सर्व्हरचा पत्ता शोधणं आणि सुरक्षित जोडणी करणं हेही आलंच. पण सर्व्हर दूर परदेशात असला तरी हे सगळं मिळून साधारण सेकंदभराचं काम.

उरलेले सेकंद खातो तो डिस्क.

किराणा दुकानात रोज खपणारा माल गल्ल्याजवळ असतो, बाकीचा मागच्या गोदामात. सर्व्हरची मेमरी म्हणजे गल्ल्याजवळची फळी आणि डिस्क म्हणजे गोदाम. लिंक्ड डेटात गंमत अशी, की एका शहराच्या शेकडो नोंदी गोदामात एकाच पोत्यात नसतात, चहूकडे विखुरलेल्या असतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला एक जागा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. ५०० ठिकाणी जायचं म्हटलं तर झाले ५ सेकंद. एकदा आणलेला माल फळीवर राहतो, म्हणून दुसरी वेळ झटपट.

दोष रस्त्याचा की गोदामाचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. आधी पुणे मागायचं, मग लगेच, आधी कुणी न मागितलेलं दुसरं एखादं शहर. तेही पटकन आलं तर पहिला उशीर जोडणीचा होता. तेही रेंगाळलं तर डिस्ककडे बघायचं. पुणेच दोनदा मागून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारे बरेच असतात, आणि तिथंच घोळ होतो.

डीबीपीडिया ज्या व्हर्च्युओसो नावाच्या डेटाबेसवर चालतो, त्याचंच उदाहरण घेऊ. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मेमरीत किती पानं ठेवायची याचा आकडा असतो. एक पान ८ केबीचं. मुळात तो आकडा १०,००० असतो, म्हणजे जेमतेम ८० एमबी. मशीनमध्ये ८ जीबी मेमरी मोकळी असेल तर हाच आकडा ६,८०,००० करावा, असं त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तरी अनेक जण ती फाइल कधी उघडतच नाहीत. उलट, उत्साहाच्या भरात असलेल्या मेमरीपेक्षा मोठा आकडा टाकला, तर फळीवरचा मालच गोदामात जाऊन पडतो आणि सर्व्हर आणखी रडायला लागतो.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे ‘स्लो झालाय, रीस्टार्ट मारा’. रीस्टार्टने फळी रिकामी होते आणि पुढच्या प्रत्येकाची वेळ पहिली ठरते. करावंच लागलं तर लोकांसाठी दार उघडण्याआधी नेहमीच्या शंभरएक नोंदी आपणच मागून घ्याव्यात.

सर्च इंजिनचे बॉट मात्र या सोयीला दाद देत नाहीत. माणसं पुणे-मुंबई शोधतात, बॉट कुणी न विचारलेल्या गावांची पानं एकेक करून मागत सुटतात. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते. तिथं एसएसडी आणि भरपूर मेमरी, हाच खरा खर्च.