लसी पुन्हा पहिल्यापासून

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने १९८३ साली भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अशा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या मूळपेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत रुजतात. प्रतिकारशक्तीची घडी मात्र सावकाश बसते. न्यूट्रोफिल आधी येतात, बी-पेशींना महिनोन्‌महिने लागतात. सगळ्यांत रेंगाळतात त्या टी-पेशी, कारण त्यांना घडवणारी थायमस ग्रंथी प्रौढपणी आक्रसलेली असते.

बालपणीच्या लसींचे संरक्षणही ओसरते. म्हणून लसीकरण नव्याने! गोवराची जिवंत लस मात्र दोन वर्षांनंतरच, तीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबल्यावर.

प्रत्यारोपणानंतर परभणीच्या शिवारात परतणाऱ्या रुग्णाने ज्वारीचे खळे, बुरसलेला कडबा टाळलेला बरा. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर थेट फुप्फुसात उतरतात.