कुत्र्याची खाज आणि तिचें मूळ

रात्रीं घरांत निजानीज झाली म्हणजे दिवाणखान्यांतल्या फरशीवर होणारी एक ठकठक कुत्रा पाळणाऱ्या पुष्कळ घरांच्या ओळखीची आहे. कुत्रा मागचा पाय उचलून मान खाजवीत असतो आणि प्रत्येक खेपेस तो पाय फरशीवर आपटत असतो. पहिले चार दिवस घरची मंडळी हें हसण्यावारी नेतात. पांचव्या दिवशीं कोणी खोबरेल तेलांत हळद कालवून लावतो. पुढच्या आठवड्यांत कोणी घरांतलें माणसांचें मलम शोधून काढतो. महिना-दोन महिन्यांत पोटाखालचे केस झडलेले, कातडें काळवंडलेलें आणि अंगाला आंबूस वास येणारा तो प्राणी गॅलरींत बांधला जातो. मुलांनीं त्याला शिवूं नये असा हुकूम सुटतो. यापुढची पायरी म्हणजे गांवाकडे कोणा ओळखीच्या मनुष्याकडे त्याची रवानगी. मात्र एवढें सगळें होईपर्यंत खाज कशामुळें सुटली आहे, हा साधा प्रश्न बहुधा कोणीं विचारलेलाच नसतो.

खाज हा रोग नव्हे. तें लक्षण आहे. ताप आला म्हणजे तो हिवतापाचा कीं विषमज्वराचा, हें ठरविल्यावांचून सुज्ञ वैद्य औषध देत नाहीं. कुत्र्याच्या खाजेचेंही तसेंच आहे. तिच्या शोधाचा क्रम ठरलेला आहे: आधीं अंगावरचे किडे, मग कातड्यावरचे जंतू आणि बुरशी, त्यानंतर अन्न, आणि सर्वांत शेवटीं हवेंतील धूळ व पराग. हा क्रम सोडून जो एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारतो, त्याचा पैसाही जातो आणि वेळही जातो.

किड्यांत पहिला मान पिसवेचा. नवल असें कीं, कुत्र्याच्या अंगावर सांपडणारी पिसू बहुतेक ठिकाणीं ज्या जातीची असते, तिला शास्त्रज्ञांनीं मांजराची पिसू असें नांव दिलेलें आहे. पिसू चावतांना आपली लाळ कातड्यांत सोडते आणि कित्येक कुत्र्यांना त्या लाळेचेंच वावडें असतें. अशा कुत्र्याला शेंकडों पिसवा चावाव्या लागत नाहींत; एकदोन चावे पुरे होतात. म्हणूनच "आमच्या कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू दिसत नाहीं" हें मालकाचें म्हणणें खरें असूनही उपयोगाचें नसतें. शेंपटीचें मूळ, कमरेचा वरचा भाग आणि मांड्यांची आंतली बाजू हीं या खाजेचीं ठिकाणें. परीक्षा घरच्या घरीं करतां येते. बारीक दातांची फणी केसांतून फिरवून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. ती माती असेल तर काळीच राहते; पिसवेची विष्ठा असेल तर तिच्याभोंवतीं तांबूस डाग पसरतो, कारण ती कुत्र्याचें पचलेलें रक्तच असते.

आतां येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. कुत्र्याच्या अंगावर दिसणारी मोठी पिसू म्हणजे घरांतल्या एकंदर पिसवांच्या वंशाचा सुमारे विसावा हिस्सा. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडीं घालूं शकते. तीं अंगावरून गळून सतरंजींत, कोचाच्या फटींत आणि कुत्र्याच्या गोणपाटांत पडतात. अळी होते, तिचा कोश होतो आणि त्या कोशांत पिसू कित्येक महिने स्वस्थ बसून राहूं शकते. कुत्र्याला औषध घातलें आणि घर तसेंच सोडलें, तर पंधरा दिवसांनीं पिसवा पुन्हां हजर होतात आणि दोष औषधाच्या माथीं बसतो. अंथरुणें कढत पाण्यांत धुणें, केर रोजच्या रोज काढून घराबाहेर टाकणें आणि घरांतल्या सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळीं, निदान तीन महिने सतत औषध चालू ठेवणें, हें सारें केलें तरच हा वंश खुंटतो. मुंबई-कोंकणाकडच्या उबदार दमट हवेंत तर पिसवेला वर्षभर सुगीच असते. पिसवा व गोचिडांवर आज महिना ते तीन महिने टिकणाऱ्या गोळ्या मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. मात्र ज्या कुत्र्याला फेफरें येतें त्याच्या मालकानें तें डॉक्टरांना आधीं सांगावें. दुसरी सूचना मांजर पाळणारांसाठीं. कुत्र्यासाठीं मिळणाऱ्या कांहीं थेंबांत परमेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. तें मांजराच्या जिवावर बेततें.

लूत दोन प्रकारची. एकींत खरजेचा किडा कातडें पोखरतो. कानांच्या कडा आणि कोपरें यांवर खपल्या धरतात, खाज भयंकर असते आणि ती लूत घरच्या माणसांच्या अंगावरही कांहीं काळ उठते. दुसरींतील किडा केसांच्या मुळांत राहतो. तेथें केस जातात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते आणि ती माणसाला लागत नाहीं. कातडें किंचित् खरवडून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्यानें बहुधा निवाडा होतो. पहिल्या लुतींत मात्र किडा पुष्कळदां हाताला लागत नाहीं. नायट्यांत वाटोळे चट्टे पडतात आणि तो मुलांना लागतो; तेव्हां मुलांच्या दंडावर तसाच चट्टा दिसल्यास दोघांनाही दाखवावें.

किडे नाहींत, बुरशी नाहीं, तरी खाज आहे, असें ठरलें म्हणजे गोष्ट वावड्याकडे वळते. ज्याला आज सर्वत्र अ‍ॅलर्जी म्हणतात, त्याच्या शोधाशीं कुत्र्याचा जुना संबंध आहे. १९०२ सालीं पॅरिसमध्यें शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनीं समुद्रांतील एका प्राण्याचें विष कुत्र्यांना अगदीं थोड्या मात्रेंत टोंचलें. कुत्रे वांचले. कांहीं आठवड्यांनीं तीच अल्प मात्रा पुन्हां दिली, तेव्हां ते संवयीनें अधिक सोशीक व्हावयाचे, त्याऐवजीं थोड्या मिनिटांतच दगावले. शरीर एकदां भेटलेल्या पदार्थाची आठवण ठेवतें आणि ती आठवण कधीं कधीं त्याच्याच मुळावर येते, हें यावरून कळलें. रिशे यांना १९१३ सालचें नोबेल पारितोषिक याच कामाबद्दल मिळालें. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रचारांत आणला, आणि १९४१ सालीं अमेरिकेंत विटिच यांनीं परागांनीं आजारी पडणाऱ्या एका कुत्र्याचीच हकीगत प्रसिद्ध केली.

माणसाला धुळीचें वावडें असलें तर तो शिंकतो. कुत्रा बहुधा खाजवितो. गादींतील धुळीचे सूक्ष्म किडे, पराग, भिंतीवरची बुरशी हीं त्याचीं कारणें. हा विकार बहुतेक सहा महिने ते तीन वर्षें या वयांत सुरू होतो. कुत्रा पुढचे पंजे चाटत बसतो, तोंड कोचाला घासतो, त्याचे कान वारंवार बिघडतात, काखा व पोट लाल होतें. लॅब्रॅडॉर, पग, बुलडॉग, जर्मन शेफर्ड या जातींत तो अधिक आढळतो. अशा कुत्र्याच्या कातड्याची वीण मुळांतच विरळ असते. त्यांतून नखांनीं ओरखडे पडले कीं जंतू व बुरशी आंत शिरतात आणि मूळ खाजेवर दुसरी खाज चढते. आंबूस वास येतो तो याच दुसऱ्या खाजेचा.

अन्नाचें वावडें ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, आणि तो संयमाचा आहे. रक्त किंवा केस तपासून अन्नाचें वावडें सांगणाऱ्या चांचण्या भरंवशाच्या नाहींत. दूध, कोंबडी, गोमांस, गहूं या पदार्थांवर संशय प्रथम घ्यावा लागतो, म्हणजे पोळी-दूध आणि कोंबडी-भात हें आपल्याकडचें नेहमींचें जेवणच त्यांत आलें. पूर्वीं कधीं न खाल्लेला एखादा मांसल पदार्थ व एक धान्य, किंवा डॉक्टरांनीं सांगितलेलें खास अन्न, एवढेंच आठ आठवडे द्यावें लागतें. त्याखेरीज कांहींच नाहीं. प्रयोग फसतो तो प्रयोगशाळेंत नव्हे, तर माजघरांत. चहाच्या वेळीं आजीच्या हातून पडणारें एक बिस्कीट सात आठवड्यांचें काम धुऊन काढतें. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तिला प्रयोगांत सामील करून घ्यावें आणि तेंच ठरलेलें अन्न तिच्या हातीं द्यावें. सुधारणा झाल्यावर जुनें अन्न पुन्हां देऊन पाहावें. खाज परतली तरच शोध पुरा झाला.

मूळ शोधीत असतां प्राण्याला आराम तर हवाच. कोमट किंवा गार पाण्यानें आठवड्यांतून एकदां आंघोळ घालावी. साबण माणसांचा नको; कुत्र्याच्या कातड्याची आम्लता आपल्याहून कमी असते. डॉक्टरांनीं सांगितलेलें जंतुनाशक शांपू अंगावर दहा मिनिटें राहूं द्यावें, मग धुवावें. बहुतेक जण दोन मिनिटांतच पाणी ओततात आणि गुण येत नाहीं म्हणून रडतात. पावसांतून फिरून आल्यावर बोटांमधली जागा कोरडी करावी. रॉकेल, फिनेल, कडक जंतुनाशक अर्क यांपैकीं कांहीं अंगाला लावणें हा अत्याचार आहे. जें लावाल तें कुत्रा चाटतो, म्हणजे तें पोटांत जातें.

औषधांत स्टेरॉइडच्या गोळीनें वा टोंचणीनें खाज एका दिवसांत थांबते, आणि मोह नेमका तेथेंच आहे. थोडे दिवस देण्यास हरकत नाहीं. पण दर महिन्याला टोंचून घेतल्यानें तहान व भूक बेसुमार वाढते, स्नायू खंगतात, जंतूंना रान मोकळें मिळतें. पुष्कळ दिवस चाललेली गोळी एकाएकीं बंद करणेंही धोक्याचें. माणसांच्या सर्दीवरील गोळ्या कुत्र्याच्या खाजेवर फारशा चालत नाहींत, कारण तिच्यांत हिस्टॅमिनखेरीज इतर द्रव्यांचा मोठा वांटा असतो. त्या द्रव्यांचा निरोप मज्जातंतूंपर्यंत पोंचूं न देणारीं ऑक्लॅसिटिनिब ही गोळी आणि लोकिव्हेटमॅब ही टोंचणी अनुक्रमें २०१३ व २०१६ सालीं अमेरिकेंत आलीं. गोळी एक वर्षाखालील कुत्र्याला देत नाहींत. ज्या पदार्थाचें वावडें आहे त्याचीच चढती मात्रा टोंचून शरीराला संवय लावण्याचीही पद्धत आहे. तिला गुण येण्यास कधीं वर्ष लागतें, पण अर्ध्याहून अधिक कुत्र्यांना तिनें उतार पडतो.

एक प्रसंग मात्र या सर्वांहून निराळा. मधमाशी चावल्यावर, लस टोंचल्यावर किंवा नवें औषध दिल्यावर तोंड सुजलें, अंगावर गांधी उठल्या, ओकाऱ्या होऊन कुत्रा लटपटूं लागला किंवा त्याला श्वास घेतां येईना, तर तें रिशेच्या कुत्र्यांचेंच दुखणें होय. त्या वेळीं मलम शोधीत बसूं नये. टॅक्सी बोलवावी आणि निघण्यापूर्वीं दवाखान्यांत फोन करून ठेवावा.