रक्ताचा थेंब आणि रबरी चिप

आलापल्ली-अहेरी पट्ट्यात ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. पण आपण वाहक की रुग्ण, हे साध्या सोल्युबिलिटी टेस्टमधून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसीसारखी मोठी तपासणी लागते. हा फरक गावातच ओळखता यावा म्हणून आयआयटी मुंबईत मायक्रोफ्लुइडिक चिपवर काम झालंय.

अशा चिप बनतात कशा? बहुतेकदा साच्यावर पीडीएमएस हे पातळ सिलिकॉन ओततात, तापवून घट्ट करतात आणि सोलून काढतात. केसाएवढ्या बारीक वाहिन्यांची लवचिक पट्टी तयार! तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो, म्हणून आतला ऑक्सिजन कमी करता येतो. मग रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाहकाच्या तितक्या सहज नाही.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. चिप गावात येईल तेव्हा येईल. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या.