दिवा आणि दाखला

चौलच्या वाडीत उभ्या असलेल्या आमच्या बीएस-४ पेट्रोल गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हाच पीयूसीची मुदतही संपत आली होती. आधी दाखल्याला गेलो. केंद्रावरच्या पोराने सायलेन्सरच्या नळीत सळी सरकवली, नंबरप्लेटचा फोटो काढला. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत. वर्षभराचा कागद हातात. दिवा जळतच होता. पीयूसीत धूर मोजतात, गाडीची तक्रार कोणी ऐकत नाही.

ती तक्रार ओबीडीत, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेत, नोंदलेली असते. रेवदंड्याच्या रस्त्यावर मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. पी०१४१: कॅटॅलिस्टच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

"काका, कोड पुसू? दिवा लगेच जाईल."

पुसला, गेला. मग त्याने पुढचा स्क्रीन दाखवला. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, हीटर, सगळ्यांपुढे 'अपूर्ण'. कोडबरोबर गाडीने स्वतःच केलेल्या तपासण्याही पुसल्या जातात. बॅटरी काढली तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं. अमेरिकेत ज्या राज्यांत ओबीडी तपासतात, तिथे २००१ पासूनच्या पेट्रोल गाडीला साधारणपणे अशी एकच अपूर्ण तपासणी माफ असते. पुसापुशी तिथे लगेच उघडी पडते.

"पण गंज थोडाच पुसला?" म्हणत तो गाडीखाली शिरला. सेन्सरचा कनेक्टर उघडला, तर पितळी पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. खारा वारा, पावसाळ्यातला चिखल, दोन्ही तिथे पोचतात. पिना घासल्या, फवारा मारला, ग्रीस भरलं.

अपूर्ण तपासण्या पूर्ण व्हाव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी गार इंजिनाने निघालो. खाडीवरचा पूल, कोर्लई, काशीद. गतिरोधक, गुरं, वळणं. तपासण्यांना हवी तशी एका वेगाने चार मिनिटंही गाडी धावेना. परतल्यावर स्कॅनर लावला. हीटर 'पूर्ण', बाकी दोन अजून 'अपूर्ण'. म्हणजे बिघडलेली गाडी इथे पास झाली होती, आणि आता दुरुस्त झालेली तिकडे अमेरिकेत परत पाठवली गेली असती!

तिसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, पेणपर्यंत जाऊन आलो. तिन्हींपुढे 'पूर्ण'. दिवा लागला नाही. मेकॅनिकने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि हसून म्हणाला, "काका, खरी पीयूसी ही. पण हिचा कागद मिळत नाही."