लेटमार्क : हिशेब आणि दंड

तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापायची, असा नियम अनेक कार्यालयांत असतो. दहा-दहा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे तीस मिनिटे. कापली जाते ती आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची रजा. मग वरची ४५० मिनिटे कशाबद्दल? कर्मचारी त्याला अन्याय म्हणतो, साहेब शिस्त म्हणतात. उशीर हा नीतीचा प्रश्न की नियमाचा, हा वाद खरे तर या ४५० मिनिटांचा आहे.

१९३६च्या वेतन प्रदान कायद्याने हा गुंता पूर्वीच सोडवला होता. आरंभी कारखाने व रेल्वेतील कामगारांसाठी असलेल्या या कायद्यात गैरहजेरीची कपात आणि दंड यांची कलमे वेगवेगळी होती. कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करायची. हा निव्वळ हिशेब. दंडाला मात्र अटी होत्या. कोणत्या कृत्याला दंड, याची मंजूर यादी कामाच्या जागी लावायची. कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यायचे. रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक घ्यायचे नाही. आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची. २०१९च्या वेतन संहितेतही दंडाला वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे.

१९४६च्या स्थायी आदेश कायद्याखालील नमुना आदेशांत गैरवर्तनाच्या यादीत उशीर होता, पण तो ‘सवयीचा’. एखाद्या दिवशी लोकल रखडली म्हणून माणसाच्या वर्तनावर ठपका येत नाही. सवय ठरवायची तर कारण विचारावे लागते, आणि नीतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

रजा कापण्याच्या नियमात हे विचारणेच गळून पडते. वेतनाला हात लागत नसल्याने ती कपात वाटते. पण वरची ४५० मिनिटे ही शिक्षाच, तीही न ऐकता दिलेली. शिवाय रजा गेली की कर्मचाऱ्यालाही वाटते, फिटले. दहापासून खिडकीपुढे उभ्या असलेल्या पेन्शनर आजोबांची तीस मिनिटे मात्र कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत.

म्हणून मिनिटांचा हिशेब मिनिटांतच व्हावा. सवय दिसली तर माणसाला समोर बसवून कारण विचारावे, आणि त्या बोलण्यात खिडकीपुढच्या आजोबांचा विषय आधी निघावा.